निसर्गदृश्यांचे छायाचित्रण, प्रवासातील

प्रवासात डोंगर, दऱ्या, समुद्रकिनारे, वाळवंटे, जंगले अशी निसर्गदृश्ये कॅमेऱ्याने टिपण्याची कला व तंत्र. घराजवळच्या टेकडीचे छायाचित्र घेणाऱ्याला आज आभाळ मनासारखे नसेल तर उद्या पुन्हा जाता येते. प्रवाशाच्या वाट्याला मात्र बहुधा एकच संध्याकाळ येते. सोबत काय घ्यायचे, कुठे थांबायचे आणि काय सोडून द्यायचे, हे सारे निर्णय या अडचणीतूनच निघतात.

कॅमेऱ्याने घेतलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र बाहेरच्या दृश्याचेच आहे. १८२६-२७ च्या सुमारास नीसेफोर न्येप्स यांनी फ्रान्समधील आपल्या घराच्या खिडकीतून ते घेतले. त्यासाठी पत्र्यावर कित्येक तास प्रकाश पडू द्यावा लागला. १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची (काचेवर लावायच्या चिकट द्रावाची) पद्धत आली आणि हा वेळ सेकंदांवर आला, पण काचेला रसायन लावून ती ओली असतानाच छायाचित्र घ्यायचे आणि तिथेच धुवायचे, अशी तिची अट होती. त्यामुळे काचा, रसायने आणि अंधारा तंबू असे सगळे बिऱ्हाड बरोबर न्यावे लागे. अशा सामानानिशी सॅम्युएल बोर्न यांनी १८६६ मध्ये हिमालयातील मानीरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फूट उंचीवर, छायाचित्रे घेतली. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये अमेरिकेतील योसेमिटीच्या दरीत सुमारे १८ × २२ इंचांच्या काचा वापरल्या. १८६४ मध्ये ही दरी कायद्याने राखून ठेवण्यात आली, त्यामागे या छायाचित्रांनी निर्माण केलेल्या लोकमताचाही वाटा मानला जातो. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. ती पुढे विकसित झाल्यावर काचा आधी तयार करून नेणे व परतल्यावर धुणे शक्य झाले, आणि प्रवासी छायाचित्रकार खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

कलोडियन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने जमीन नीट उमटली की आकाश कोरे पांढरे होई. गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्राची व आकाशाची निगेटिव्ह वेगवेगळी घेऊन एकाच कागदावर छापली. उजळ आकाश आणि काळोखी जमीन एका चौकटीत बसवण्याचा हा पेच डिजिटल कॅमेऱ्यातही आहेच; वेगवेगळ्या एक्स्पोजरची (कमीअधिक प्रकाश आत घेतलेली) छायाचित्रे जोडणे हा त्यावरचा आजचा उपाय ल ग्रे यांच्याच वाटेने जातो.

या कलेत ठिकाणापेक्षा प्रकाश मोठा आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याची किरणे हवेच्या जाड थरातून येतात. वाटेत निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि तांबूस-पिवळा उरतो. तिरप्या उन्हामुळे सावल्या लांबतात, जमिनीचा चढ-उतार, वाळूच्या लाटा, खडकांच्या भेगा उठून दिसतात. भर दुपारी तीच जमीन सपाट भासते. हा सोनेरी प्रकाश किती टिकेल हे अक्षांशावर अवलंबून असते: विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि खेळ लवकर आटोपतो, ध्रुवांकडे तो क्षितिजाला घासून जातो आणि उन्हाळ्यात हा प्रकाश तासन्‌तास रेंगाळतो. म्हणून सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ आणि दिशा आधीच पाहून ठेवणे महागड्या भिंगापेक्षा अधिक उपयोगी पडते. सूर्य बुडताच कॅमेरा आवरणाऱ्यांची नेहमीच गर्दी असते, पण ढगांची खालची बाजू अनेकदा त्यानंतरच पेटते. आणि ढगाळ दिवस वाया जात नाही. धबधबा व दाट जंगल यांना तो मऊ, एकसारखा उजेडच मानवतो.

वाइड अँगल भिंगात सगळे मावते, पण दूरचे शिखर खेळण्याएवढे होते. कॅमेरा खाली आणून जवळचा दगड, झुडूप किंवा ओहोळ पुढे घेतला तर खोली येते. टेलिफोटो भिंग एकामागच्या एक डोंगररांगा जवळ आणून दाखवते, हा त्याचा उपयोग प्रवासी सहसा विसरतात. समोरचे सारेच एका चौकटीत कोंबण्याचा मोह हा या प्रकारातला सर्वांत मोठा दोष होय.

जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट हवे असेल तर साधारण एफ/८ ते एफ/११ ॲपर्चर (भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र; आकडा मोठा तितके ते लहान) पुरते. त्याहून फार लहान केल्यास विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, तपशील पुसट होऊ लागतात. कमी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) आणि ट्रायपॉड ही जोडी संधिप्रकाशात अपरिहार्य ठरते. आकाशाचा निळा रंग गडद करणाऱ्या पोलरायझर फिल्टरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला सर्वाधिक असतो, म्हणून वाइड अँगल भिंगावर तो लावल्यास आकाशाचा एक पट्टाच गडद होतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादाची बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात ठेवावी.

तयारी असली की निसटता क्षण पकडता येतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल ॲडम्स यांचे. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतून मोटारीने परतताना त्यांना हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र आणि दफनभूमीतील उजळलेले क्रूस दिसले. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राची दीप्ती पाठ असल्याने त्यांनी तिच्यावरून एक्स्पोजर काढले. दुसरी निगेटिव्ह घेण्याआधीच क्रुसांवरचे ऊन गेले.

गर्दीमुळे जागा झिजतात, ही अलीकडची गंभीर बाब आहे. आइसलँडमधील फ्याद्रारग्ल्यूफूर ही घळ २०१५ च्या एका संगीत-व्हिडिओमुळे गाजली; पर्यटकांच्या पायांखाली तिथली वनस्पती तुडवली गेली आणि २०१९ मध्ये घळ काही काळ बंद ठेवावी लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवण्यास मनाई आहे. अनेक छायाचित्रकार नाजूक जागांचे नेमके स्थान न देता फक्त प्रदेशाचे नाव लिहितात. लोकेशन चालू असेल तर मोबाइल छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांशही नोंदवतो. छायाचित्र पाठवण्यापूर्वी ते काढून टाकता येतात.