उपसा, शिरावेध आणि निचरा : इंग्रजीतील ‘संपवण्या’च्या क्रियापदांची पार्श्वभूमी

धरणातला साठा, खाणीतला कोळसा, गाठीचा पैसा किंवा अंगातली ताकद हळूहळू कमी होऊ लागली, की इंग्रजीत ‘एक्झॉस्ट’, ‘डिप्लीट’, ‘ड्रेन’, ‘इरोड’, ‘सॅप’, ‘ड्विंडल’ अशी क्रियापदांची रांगच उभी राहते. मराठी भाषांतरात मात्र या सगळ्यांची बोळवण पुष्कळदा एकट्या ‘कमी होणे’वर केली जाते. शब्दकोशही त्यांना समानार्थी ठरवून एका ओळीत बसवतात. परंतु यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकेकाळी हाताने करायचे एक ठरावीक काम होते, आणि ते काम कोण करतो, काढलेली वस्तू कुठे जाते, ती पुन्हा भरून येते की नाही, हे त्या कामातच ठरलेले होते.

सोळाव्या शतकात इंग्रजीत आलेला ‘एक्झॉस्ट’ मराठी माणसाला सर्वांत लवकर उमगावा. लॅटिनमध्ये ‘हौरीरे’ म्हणजे पाणी शेंदणे किंवा उपसणे आणि ‘एक्स’ म्हणजे बाहेर. तेव्हा हा शब्द म्हणजे आपले ‘उपसून काढणे’च होय. मोटेची विहीर उपसताना मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते, पुन्हा खाली जाते, पाण्याची पातळी उतरेल तसा नाडा अधिकाधिक खोल सोडावा लागतो आणि अखेरीस मोटेतून पाण्याऐवजी गाळ येऊ लागतो. ‘एक्झॉस्ट’चा अर्थ त्या गाळापाशी पुरा होतो. पुढे हवापंपाने भांड्यातली हवा काढण्याला, मग इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वापरलेल्या वाफेला हा शब्द लागला. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन खोलीतला धूर उपसतो, तो याच वंशातला.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ब्रिटनच्या कोळशावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या लांबलचक शीर्षकातच खाणींच्या संभाव्य ‘एक्झॉश्चन’चा उल्लेख होता. कोळसा एके दिवशी अचानक संपेल, असे त्याचे म्हणणे नव्हते. खाणी खोल जातील, कोळसा महाग पडू लागेल आणि त्या महागाईनेच देशाची वाढ खुंटेल, असा त्याचा युक्तिवाद होता. गाळ दिसण्याच्या कितीतरी आधी नाडा लांबवण्याचा खर्च परवडेनासा होतो, हेच त्याने कोळशाच्या भाषेत सांगितले.

‘डिप्लीट’ची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते या साऱ्यांत ती सर्वांत विलक्षण आहे. लॅटिन ‘प्लेरे’ म्हणजे भरणे आणि ‘दे’ म्हणजे त्याच्या उलट. हा ‘प्लेरे’ आणि संस्कृतातला ‘पूर्ण’ एकाच मुळाचे असल्यामुळे मराठीतले ‘पुरणे’ हे ‘डिप्लीट’चे दूरचे नातेवाईकच ठरते. इंग्रजीत ‘डिप्लीशन’ हे नाम सतराव्या शतकात आले आणि क्रियापद त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. वैद्यकात या शब्दाचा अर्थ होता रुग्णाचे रक्त काढणे. ताप आणि दाह हे रक्तवाहिन्यांत रक्त फाजील झाल्यामुळे होतात, अशी समजूत असल्याने वैद्य कोपराजवळची शीर नस्तराने उघडत, खाली वाडगे धरत आणि औंसांत मोजून रक्त घेत. रुग्णाला घेरी आली, की उपाय लागू पडला असे मानले जाई. फिलाडेल्फियात १७९३ मध्ये पीतज्वराची साथ आली, तेव्हा डॉ. बेंजामिन रश यांनी हाच मार्ग धडाक्याने अवलंबला होता. म्हणजे ज्या शब्दात आज केवळ हानी दिसते, तो त्या काळी उपचार होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर शिरावेध मागे पडला आणि शब्द मोकळा होऊन कोठारे, जंगले, खनिजे यांना लागू झाला. अमेरिकेच्या करकायद्यात तर १९२६ पासून तेलविहिरीच्या मालकाला उत्पन्नाच्या २७.५ टक्के इतकी ‘डिप्लीशन’ची वजावट मिळू लागली, जमिनीतले तेल ही त्याची झिजणारी भांडवली मालमत्ता, असा त्यामागचा हिशेब होता.

तरीही रक्ताची उपमा इंग्रजीतून पुरती गेली नव्हती. भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांनी १८७५ च्या एका टिपणात सरळ लिहिले, की हिंदुस्थानचे रक्त काढायचेच असल्यामुळे नस्तर जिथे रक्त साचले आहे, किंवा निदान पुरेसे आहे, अशा भागांवर चालवावे. रक्ताअभावी आधीच क्षीण झालेल्या भागांवर नव्हे. क्षीण भाग म्हणजे खेडी. हे वाक्य दादाभाई नौरोजी यांनी पुढे वारंवार सरकारच्या तोंडावर फेकले. दादाभाईंचा स्वतःचा शब्द मात्र ‘ड्रेन’ होता. लंडनमध्ये २ मे १८६७ रोजी ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी मांडले होते, की हिंदुस्थानात गोळा होणाऱ्या महसुलाचा जवळपास चौथा हिस्सा देशाबाहेर जाऊन इंग्लंडच्या संपत्तीत भर घालतो. त्यांच्याही आधी, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘बॉम्बे गॅझेट’मधील पत्रांतून याच लुटीवर बोट ठेवले होते.

‘ड्रेन’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. मूळ अर्थ द्रव गाळणे, आणि ‘ड्राय’ म्हणजे कोरडा याच्याशी त्याचे नाते. शेताचा निचरा केला, की पाणी नाहीसे होत नाही, ते चराने दुसरीकडे जाते. उपसलेली विहीर कोरडी झाली एवढेच ‘एक्झॉस्ट’ सांगतो. पाणी कोणाच्या शेतात गेले, हा प्रश्न ‘ड्रेन’मध्ये आपोआप उभा राहतो. निवृत्तिवेतने, व्याज आणि एकूणच ‘होम चार्जेस’, म्हणजे हिंदुस्थानच्या नावे इंग्लंडात होणारा सरकारी खर्च, या वाटांनी पैसा कुठे पोहोचतो, हे दाखवू पाहणाऱ्याला याहून नेमका शब्द मिळाला नसता. मराठीतल्या ‘आर्थिक निःसारणा’ला दुर्दैवाने नगरपालिकेच्या मलनिःसारणाचा वास येतो.

इतरांबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘इरोड’ म्हणजे कुरतडणे. ‘रोडेंट’ आणि संस्कृतातला ‘रदन’, अर्थात दात, याच मुळाचे, त्यामुळे गणपतीचे ‘एकरदन’ हे नाव आणि किनाऱ्याची धूप यांचे गोत्र एक. ‘सॅप’ हा कुदळीला इटालियनमध्ये ‘झाप्पा’ म्हणतात त्यावरून फ्रेंचमार्गे आला. तटाखाली खणत जाणारे ते सॅपर, आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे नाव तेच. ‘ड्विंडल’ शेक्सपियरच्या काळापासून आढळतो. त्याला सहसा कर्म लागत नाही. साठा आपोआप रोडावतो, तो कोणी घटवत नाही. सरकारी अहवालांना हा शब्द प्रिय असावा, यात नवल नाही.

‘ईक आउट’ या सगळ्यांच्या उलट दिशेने निघाला होता. जुन्या इंग्रजीत ‘ईक’ म्हणजे वाढवणे, जोड देणे. टोपणनावाला ‘निकनेम’ म्हणतात, तेही मुळात ‘ईक नेम’, म्हणजे जोडनाव. अपुऱ्या वस्तूला दुसऱ्या कशाची जोड देऊन ती भागवणे हा त्याचा आधीचा अर्थ. ज्वारी सरत आली, की घरची बाई भाकरीच्या पिठात नाचणी मिसळून महिना काढते, ते हे. आपण त्याला ‘पुरवून पुरवून खाणे’ म्हणतो, आणि उत्तरपत्रिकेला जोडायच्या कागदालाही ‘पुरवणी’च म्हणतो. इंग्रजीत आता त्या शब्दात जोड फारशी उरलेली नाही. ‘ईक आउट’ म्हणजे जेमतेम पोट भरणे.