वैद्यकीय परिभाषेतील ग्रीक-लॅटिन शब्दघटक

रोग, अवयव, तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांची आधुनिक वैद्यकातील बहुतेक नावे ग्रीक व लॅटिन भाषांतले मोजके तुकडे जोडून बनलेली आहेत. या तुकड्यांना शब्दघटक म्हणतात. शब्दाचा गाभा म्हणजे मूळ. ते बहुधा एखादा अवयव किंवा पदार्थ सांगते. मुळाच्या आधी येणारा उपसर्ग जागा, प्रमाण किंवा अभाव दाखवतो. मुळामागून येणारा प्रत्यय काय बिघडले किंवा काय केले ते सांगतो. मूळ आणि पुढचा घटक यांना सांधणारा स्वर, बहुतेक वेळा ‘ओ’, हा जोडस्वर. असे शे-सव्वाशे घटक ओळखीचे झाले की कधी न पाहिलेल्या शब्दाचाही साधारण अर्थ लागतो. मात्र तो साधारणच. फोड केल्याने शब्द कशाबद्दल आहे ते कळते, रोगाची व्याख्या कळत नाही.

शब्द कसा फोडावा : वाचन शेवटाकडून सुरू करावे. आधी प्रत्यय, मग उपसर्ग, मग मूळ. ‘पेरिकार्डायटिस’मध्ये शेवटी ‘आयटिस’ म्हणजे दाह, आरंभी ‘पेरि’ म्हणजे भोवती, मध्ये ‘कार्डि’ म्हणजे हृदय. मिळून हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह. तत्पुरुष समासाची सवय असलेल्याला हा क्रम नवा नाही. ‘हृदयविकार’ हा विकार असतो, हृदय नव्हे. मुख्य पद शेवटी बसते.

जोडस्वराचे नियम थोडे आहेत, पण पक्के आहेत. प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर जोडस्वर गळतो : गॅस्ट्र (जठर) + आयटिस = गॅस्ट्रायटिस. प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर तो राहतो : गॅस्ट्र + ओ + स्कोपी. दोन मुळे एकमेकांना जोडताना दुसरे मूळ स्वराने सुरू होत असले तरी तो सहसा राहतोच, म्हणून ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ (‘एंटर’ म्हणजे आतडे). हे कळले की ‘इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी’ हा शब्दही नुसता लांब उरतो, अवघड नाही. अन्ननलिका, जठर, आद्यांत्र (लहान आतड्याचा पहिला भाग) आणि शेवटी पाहणे. यातली मुळे दुर्बिणीची नळी ज्या वाटेने आत जाते त्याच क्रमाने लावलेली आहेत. नवशिके या ‘ओ’ला अर्थ चिकटवू पाहतात. त्याला अर्थ नसतो, तो फक्त सांधा आहे.

ग्रीक कोठे, लॅटिन कोठे : एकाच अवयवाला दोन मुळे का, हा प्रत्येक विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न आहे. मूत्रपिंडाला ग्रीक ‘नेफ्रॉस’ आणि लॅटिन ‘रेन’. म्हणून रोग ‘नेफ्रायटिस’ आणि धमनी मात्र ‘रीनल’. फुप्फुसाला ‘न्यूमोन’ व ‘पल्मो’, त्वचेला ‘डर्मा’ व ‘क्युटिस’, जिभेला ‘ग्लॉसा’ व ‘लिंग्वा’, डोळ्याला ‘ऑफ्थॅल्मॉस’ व ‘ऑक्युलस’. गर्भाशयाला तर तीन मुळे आहेत : ‘हिस्टरेक्टॉमी’तले ‘हिस्टेरा’ आणि ‘एंडोमेट्रियम’मधले ‘मेट्रा’ ग्रीक, ‘युटेरस’ लॅटिन.

ढोबळमानाने शरीररचनेची नावे लॅटिन आणि रोगांची व शस्त्रक्रियांची नावे ग्रीक असतात. याचे कारण इतिहासात आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावरचे ग्रंथ ग्रीकमध्ये आहेत, आणि रोममध्ये वैद्यकी करणारा गेलनही (इ. स. दुसरे शतक) ग्रीकमध्येच लिही. युरोपातील विद्यापीठांची भाषा मात्र लॅटिन होती. व्हेसेलियसचा १५४३ मधील शरीररचनेवरचा ग्रंथ लॅटिनमध्ये आहे. अवयवांची नावे पुढे इतकी बोकाळली, की १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ठरलेल्या यादीत सुमारे ५०,००० नावांतून सुमारे ५,५०० राखली गेली. ती यादीही लॅटिनच होती. १९९८ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय यादीनेही लॅटिन सोडलेली नाही. नवे रोग आणि नव्या शस्त्रक्रिया यांना नावे देताना ग्रीककडे वळले गेले, कारण लांब समास घडवणे ग्रीकला लॅटिनपेक्षा सोपे जाते. शुद्धतेचा आग्रह फार काळ टिकला नाही. ‘टॉन्सिलायटिस’, ‘मॅमोग्राफी’, ‘हायपरटेन्शन’ हे तिन्ही शब्द अर्धे ग्रीक, अर्धे लॅटिन आहेत आणि कोणाचे काही अडत नाही.

संस्कृतशी नाते : ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या असल्याने मराठी वाचकाला यातले बरेच घटक अर्धे ओळखीचे वाटतात. लॅटिन ‘डेन्स’, ग्रीक ‘ओडोंट’ आणि आपला दंत. लॅटिन ‘नासुस’ आणि नासा. ग्रीक ‘ऑस्टिऑन’ आणि अस्थी. ग्रीक ‘हेपार’, लॅटिन ‘येकुर’ आणि यकृत. गुडघे आत वळून एकमेकांना लागण्याच्या व्यंगाला ‘जेनू व्हाल्गम’ म्हणतात. त्यातला ‘जेनू’ म्हणजे आजानुबाहूतला जानू. स्नायूसाठीचा ‘मस्क्युलस’ हा लॅटिन शब्द ‘छोटा उंदीर’ या अर्थाचा, आणि त्यातला ‘मूस’ मूषकाचा भाऊ आहे.

उपसर्गांत हे साम्य अधिक उपयोगी पडते. ‘पेरि’ म्हणजे परि, ‘डिस’ म्हणजे दुस् (डिस्पेप्सिया : दुष्पचन), ‘यू’ म्हणजे सु, ‘हायपर’ म्हणजे उपरि, लॅटिन ‘इंटर’ म्हणजे अंतर्. नकाराचा नियम तर हुबेहूब आहे. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ लागतो : अज्ञान, पण अनादर. ग्रीकमध्येही तसेच : ‘ॲप्निया’ (श्वास थांबणे), पण ‘ॲन्युरिया’ (लघवी न होणे). ‘ॲनिमिया’तही ‘अन्’च आहे. रक्तासाठीच्या ‘हैमा’तला ह ग्रीकमध्ये व्यंजन मानला जात नाही, तो स्वराआधीचा नुसता उच्छ्वास समजतात. साम्यावर फार विसंबू मात्र नये. ‘हायपो’ आणि ‘उप’ सख्खे असले, तरी ‘उप’चा मूळ रोख जवळ असण्यावर आहे, ‘हायपो’चा खाली असण्यावर किंवा कमी असण्यावर.

प्रत्यय : वेळ थोडा असेल तर आधी प्रत्यय पाठ करावेत, कारण शब्द रोगाचा आहे की तपासणीचा की शस्त्रक्रियेचा, हे तेच ठरवतात. मूत्रपिंडाचे एकच मूळ घेऊन पाहू. ‘नेफ्रोटॉमी’ म्हणजे मूत्रपिंडाला छेद देणे. ‘नेफ्रेक्टॉमी’ म्हणजे ते काढून टाकणे. ‘एक्टॉमी’त ‘एक’ म्हणजे बाहेर, ‘टोमे’ म्हणजे काप. ‘नेफ्रॉस्टॉमी’ म्हणजे लघवी बाहेर वाहून जावी म्हणून मूत्रपिंडातून त्वचेपर्यंत वाट करणे. यातला ‘स्टोमा’ म्हणजे तोंड. ‘नेफ्रोपेक्सी’ म्हणजे सैल मूत्रपिंड जागी बांधणे. लिहिताना एक-दोन अक्षरांचा फरक, रुग्णाच्या दृष्टीने मूत्रपिंड राहणे किंवा न राहणे.

‘आयटिस’ हा मुळात नुसता ‘अमुक अवयवाचा’ अशा अर्थाचा स्त्रीलिंगी विशेषण-प्रत्यय होता आणि ‘नोसोस’, म्हणजे रोग, हा स्त्रीलिंगी शब्द अध्याहृत असे. दाह हा अर्थ त्याला नंतर चिकटला. ‘ओसिस’ दाहाखेरीजच्या अवस्था दाखवतो, आणि रक्तपेशींच्या नावापुढे वाढ : ‘ल्युकोसायटोसिस’ (पांढऱ्या पेशी वाढणे). ‘ओमा’ म्हणजे गाठ. पण ‘हिमॅटोमा’ हे साकळलेले रक्त आहे, ‘ग्लॉकोमा’ आणि ‘ट्रॅकोमा’ या डोळ्यांच्या रोगांत अर्बुद, म्हणजे अशी गाठ, नसते. उलट ‘मेलॅनोमा’ आणि ‘लिम्फोमा’ हे सौम्य वाटणाऱ्या प्रत्ययाचे कर्करोग आहेत. ‘ग्राम’ ही नोंद, ‘ग्राफ’ हे बहुधा यंत्र, ‘ग्राफी’ ही क्रिया. हृदयाचा आलेख हातात मिळतो तो कार्डिओग्राम.

‘इमिया’ रक्ताविषयी, ‘युरिया’ लघवीविषयी, ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य, टंचाई. ‘थ्रॉम्बोसायटोपेनिया’ असा फोडावा : गुठळी, पेशी, टंचाई; म्हणजे गुठळी करणाऱ्या पेशी, प्लेटलेट, कमी असणे. किती कमी, ते शब्द सांगत नाही. प्रचलित सीमा दर मायक्रोलिटरला १,५०,००० ही आहे.

फसवे घटक : सर्वाधिक चुका दिसायला जवळच्या मुळांमुळे होतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कंबरेचे रुंद हाड यांची नावे रोमन लिपीत एका स्वराने वेगळी आहेत. देवनागरीत दोन्ही ‘इलियम’च लिहिली जातात, म्हणून सोबत ‘आतडे’ किंवा ‘हाड’ लिहिणे भाग आहे. ‘डिस्फेजिया’ गिळण्याच्या त्रासालाही म्हणतात आणि बोलण्याच्या दोषालाही. रोमनमध्ये एक ‘फॅग’ (खाणे) वरून, दुसरा ‘फास’ (बोलणे) वरून, देवनागरीत पुन्हा एकच. पक्षाघाताच्या रुग्णाला दोन्ही असू शकतात, त्यामुळे संदर्भही मदत करत नाही. ‘सर्व्हिक्स’ म्हणजे मान. मानेच्या मणक्यांचा झिजविकार आणि गर्भाशयाच्या मानेचा, म्हणजे मुखाचा, कर्करोग या दोहोंना ‘सर्व्हायकल’ हेच विशेषण लागते आणि घाबरलेला रुग्ण पहिले ऐकून दुसरे समजतो.

‘मायलो’ म्हणजे मगज : ‘ऑस्टिओमायलायटिस’मध्ये तो हाडातला असतो, ‘पोलिओमायलायटिस’मध्ये मज्जारज्जूचा करडा भाग. ‘मायो’ हा स्नायू, ‘मायको’ ही बुरशी. ‘कोरोनरी’ हा शब्द हृदयाच्या लॅटिन ‘कोर’वरून आला असे पुष्कळांना वाटते, तो ‘कोरोना’, म्हणजे मुकुट, यावरून आहे, कारण या धमन्या हृदयाभोवती कड्यासारख्या बसतात. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ तोंडी सांगताना अगदी सहज चुकतात, आणि रक्तातील साखरेच्या बाबतीत त्यांचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. ‘ॲबडक्शन’ (अंगापासून दूर नेणे) आणि ‘ॲडक्शन’ (जवळ आणणे) यांचीही तीच गत. म्हणून व्यायामोपचारात अनेक जण ‘ए-बी’ आणि ‘ए-डी’ अशी पहिली दोन अक्षरे सुटी उच्चारतात.

अर्थ सरकलेले शब्द : ‘ॲनिमिया’चा शब्दशः अर्थ रक्त नसणे. प्रत्यक्षात रक्त असते, त्यातले हिमोग्लोबिन कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेची सीमा प्रौढ पुरुषात डेसिलिटरला १३ ग्रॅम, गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीत १२ ग्रॅम. ‘ॲन्युरिया’तही लघवी शून्य असावी लागत नाही, दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा कमी झाली की तो शब्द वापरतात, ४०० पेक्षा कमी असेल तर ‘ऑलिग्युरिया’, तीन लिटरच्या पुढे गेली की ‘पॉलियुरिया’. ‘टॅकिकार्डिया’ म्हणजे जलद हृदय. प्रौढात विश्रांतीच्या वेळी मिनिटाला १०० च्या वर ठोके. काही नावांत जुन्या समजुती थिजल्या आहेत. ‘पिट्युइटरी’ ग्रंथीचे नाव कफावरून पडले, कारण ती मेंदूतला कफ नाकात सोडते असे मानले जाई. ‘मलेरिया’ हा इटालियन शब्द, दूषित हवा अशा अर्थाचा.

व्यक्तिनावांवरून पडलेल्या (पार्किन्सन, अल्झायमर) आणि आद्याक्षरांपासून बनलेल्या (एड्स) नावांना ही फोड लागूच पडत नाही.

औषधाच्या चिठ्ठीतली लघुरूपेही लॅटिन आहेत, पण त्यांचे व्याकरण वेगळे. ‘बी.डी.’ किंवा ‘बी.आय.डी.’ म्हणजे ‘बिस इन डिए’, दिवसातून दोनदा. ‘ए.सी.’ व ‘पी.सी.’ जेवणापूर्वी व जेवणानंतर; त्यातला ‘आंते’ म्हणजे आधी आणि ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. ‘एस.ओ.एस.’चा बुडत्या जहाजाच्या हाकेशी संबंध नाही : ‘सी ओपुस सिट’, गरज पडल्यास. ‘ओ.डी.’ सर्वांत घातक, कारण सामान्य चिठ्ठीत ते ‘ओम्नी डिए’, रोज एकदा, आणि नेत्रतज्ज्ञाच्या चिठ्ठीत ‘ऑक्युलस डेक्स्टर’, उजवा डोळा. डोळ्यात घालायच्या थेंबांच्या चिठ्ठीवर म्हणूनच ‘उजव्या डोळ्यात, दिवसातून एकदा’ असे पूर्ण शब्दांत लिहावे.