लाइपसिक

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातील लोकसंख्येने सर्वांत मोठे शहर. व्हाइट एल्स्टर, प्लाइस व पार्ट या नद्यांच्या संगमाजवळच्या सखल प्रदेशात ते वसले असून, व्हिया रेगिया व व्हिया इम्पेरी हे मध्ययुगीन व्यापारी मार्ग येथे एकमेकांना छेदत. मेर्सेबुर्गचा बिशप थीटमार याच्या इतिवृत्तात १०१५ च्या संदर्भात त्याचा पहिला लेखी उल्लेख येतो. नगराधिकार ११६५ च्या सुमारास मिळाले असे सामान्यतः मानतात. परंतु सनदेवर तारीख नसल्यामुळे ११५६–७० असा काळ धरणे अधिक सुरक्षित होय. विद्यापीठ १४०९ मध्ये स्थापन झाले. जर्मन राजा (पुढे पवित्र रोमन सम्राट) पहिला मॅक्सिमिलियन याने १४९७ मध्ये येथील जत्रांना संरक्षण दिल्यावर व्यापाराची भरभराट झाली.

राष्ट्रांची लढाई (१६–१९ ऑक्टोबर १८१३) : रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया व स्वीडन यांच्या फौजांनी नेपोलियनला येथे गाठले. त्याच्याकडे दोन लाखांच्या आसपास सैन्य होते. दोस्तांचे बळ १८ तारखेपर्यंत तीन लाखांवर गेले. पहिल्या दिवशी वाखाऊ येथे निर्णय लागला नाही. उत्तरेला मॉकर्न मात्र प्रशियन सेनापती ब्ल्यूखरच्या फौजेने मोठी किंमत देऊन घेतले. १८ तारखेला काही हजार सॅक्सन सैनिक दोस्तांना जाऊन मिळाले. फ्रेंच लेखकांनी पराभवाचे खापर त्यांच्यावर फोडले, तरी दोस्तांचे संख्याबळ व फ्रेंचांकडील दारूगोळ्याचा तुटवडा पाहता हा आरोप फारसा ग्राह्य वाटत नाही.

सर्वाधिक वाद आहे तो एल्स्टरवरील पुलाचा. १९ तारखेला पश्चिमेच्या लिंडेनाऊकडे फ्रेंचांची माघार चालू असतानाच तो सुरुंगाने उडवला गेला आणि पिछाडीचे हजारो सैनिक शहरात अडकले. लोरिस्टाँ व रेनिए हे फ्रेंच सेनापती कैद झाले. तीनच दिवसांपूर्वी मार्शल झालेला पोलिश सरदार पोनियातोव्हस्की नदीत बुडाला. नेपोलियनच्या अधिकृत वृत्तात अभियंता दलाचा कर्नल मोंफोर व बत्ती देणारा सुरुंग्या कॉर्पोरल यांना दोषी धरले आहे. मात्र एवढ्या मोठ्या सैन्याच्या माघारीसाठी पुरेसे जादा पूल तयार ठेवण्याची जबाबदारी त्या कॉर्पोरलची नव्हती. मुख्य दोष सेनामुख्यालयाचा, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

दोन्ही बाजूंच्या मृत, जखमी व बेपत्ता सैनिकांचे अंदाज ८० हजार ते १ लाख १० हजार असे पडतात. जेमतेम ३०–३५ हजार वस्तीच्या शहरावर जखमींचा लोंढा कोसळला. चर्चमध्ये व शाळांमध्ये इस्पितळे उघडावी लागली आणि टायफसने नागरिकही बळी पडले. सेनापतींच्या डावपेचांवर पाने भरणाऱ्या इतिहासांनी या यातनांना अन्यायकारकरीत्या थोडी जागा दिली आहे.

लढाईनंतर फ्रेंचांनी ऱ्हाईनपलीकडे माघार घेतली. दोस्तांचा कैदी झालेल्या सॅक्सनीच्या राजाला १८१५ मध्ये निम्म्याहून अधिक प्रदेश प्रशियाला द्यावा लागला. रणभूमीवरील ९१ मी. उंचीचे स्मारक १९१३ मध्ये पूर्ण झाले.