सुपरकंटिन्युअम (प्रकाशीय तंतूंतील)

लेसरचा एकाच रंगाचा, अतिशय लघू स्पंद खास घडणीच्या काचतंतूत सोडला की दुसऱ्या टोकातून इंद्रधनुष्याचे सगळे रंग, सोबत अवरक्त आणि कधी जंबुपार किरणही, एकाच झोतात बाहेर पडतात. या सलग, रुंद वर्णपटाला सुपरकंटिन्युअम म्हणतात. साध्या दिव्यातही सर्व रंग असतात, पण तो प्रकाश चहूकडे विखुरतो. हा झोत मात्र लेसरसारखाच अरुंद व प्रखर राहतो, आणि त्याचे खरे मोल तेच आहे.

रॉबर्ट अल्फानो व स्टॅनली शापिरो यांनी १९७० मध्ये काचेच्या ठोकळ्यात असा प्रकाश मिळवला. १९७६ मध्ये तो तंतूतही निघाला. अडचण अपस्करणाची होती. वेगवेगळे रंग काचेतून वेगवेगळ्या गतीने जातात, त्यामुळे स्पंद पसरतो आणि त्याची तीव्रता ओसरते. सिलिका काचेत हा परिणाम सुमारे १,२७० नॅनोमीटर तरंगलांबीला शून्य होतो, तर सोयीचे लेसर ८०० नॅनोमीटरच्या आसपासचे. फिलिप रसेल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रकाशित केलेल्या फोटॉनिक क्रिस्टल तंतूने ही कोंडी फोडली. त्यात गाभ्याभोवती हवेची बारीक छिद्रे तंतूच्या लांबीभर धावतात. त्यांचा आकार व अंतर बदलून शून्य अपस्करणाची जागा हवी तिथे सरकवता येते. २००० मध्ये अशाच ७५ सेंटिमीटर तंतूतून ३९० ते १,६०० नॅनोमीटरचा पट मिळाला. लेसरच्या साहाय्याने प्रकाशाची वारंवारता अचूक मोजण्याच्या ज्या कामाला २००५ चे नोबेल मिळाले, त्यालाही या तंतूंचा मोठा आधार होता.

आत घडते ते असे : प्रखर प्रकाश काचेचा अपवर्तनांक क्षणभर बदलतो. स्पंद सोलिटॉन नावाच्या, आकार टिकवून धरणाऱ्या तुकड्यांत फुटतो. रामन परिणामाने, म्हणजे काचेच्या कंपनांना थोडी ऊर्जा देत गेल्याने, हे तुकडे तांबड्या बाजूला घसरत जातात आणि निळ्या बाजूला अपस्करणी तरंग, म्हणजे त्यांच्यातून निसटलेला प्रकाश, सोडतात.

जंबुपार भागात मात्र काचच आड येते. सिलिका अशा किरणांनी हळूहळू काळवंडते आणि तंतू निकामी होतो. फ्लुओराइड काचेच्या तंतूने २०१५ मध्ये सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत मजल मारली. दुसरी वाट अधिक धाडसी आहे : गाभ्यातली काचच काढून टाकायची आणि पोकळीत आर्गॉन, निऑन किंवा हायड्रोजन भरायचा. वायू काळवंडत नाही, शिवाय त्याचा दाब बदलला की बाहेर पडणारी तरंगलांबीही बदलते. २०० नॅनोमीटरखाली हवेतला ऑक्सिजनच प्रकाश गिळतो. म्हणून तिथे झोत मॅग्नेशियम फ्लुओराइडच्या खिडकीतून थेट निर्वात नळीत घ्यावा लागतो.