खेळणं लाकडाचं आहे, पण वरचा थर कशाचा?

"लाकडाचं आहे ना, मग काय काळजी?" तुळशीबागेत नातवासाठी खुळखुळा बघणाऱ्या आजी असोत, बुधवारच्या जुन्या बाजारात पांगुळगाडा उलटापालटा करून बघणारे बाबा असोत, की सोसायटीच्या ग्रुपवर ‘मुलगा मोठा झाला, खेळणी द्यायची आहेत’ हा निरोप वाचून लगेच ‘आम्हाला हवीत’ असं कळवणारी आई असो, हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याच्या जोडीला दुसरं असतं: "आम्ही लहानपणी हेच खेळायचो, आम्हाला काय झालं?" दोन्ही वाक्यांत एकच गोष्ट सुटते. दहा महिन्यांचं मूल लाकूड खात नाही, लाकडावरचा रंग खातं.

ते खेळणं चोखतं, दात येताना हिरड्यांनी घासतं, फरशीवर आपटतं आणि मग तोच हात तोंडात घालतं. पोटात जाण्याची सगळ्यात जास्त शक्यता असते ती खेळण्यावरच्या पातळ थराची. तो थर ओळखता आला की पारंपरिक किंवा वापरलेलं खेळणं निवडण्याचं निम्मं काम होतं.

लाकडी खेळण्यांवर मुख्यतः दोन तऱ्हांनी रंग चढतो. एक, लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवत कातायच्या यंत्रावर, चढवलेली लाख. दोन, ब्रशने किंवा फवाऱ्याने लावलेला रंग, मग तो ऑइल पेंट असो की पोस्टर कलरवर मारलेलं व्हार्निश. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी चमकत असतात आणि दोन्हींना ‘नैसर्गिक रंग’ म्हणून विकलं जातं. पण या दोन थरांची जातकुळी पूर्णपणे वेगळी आहे.

लाख हा एका किड्याचा स्राव. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे दाटीवाटीने बसून रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून, त्यात रंग मळून कांड्या करतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला काळा कुडा या झाडाचं पांढरट, बारीक पोताचं लाकूड वाळवून लेथवर चढवतात. कातारी ते हव्या त्या आकारात कातून घेतो आणि मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी नुसती दाबून धरतो. भट्टी नाही, थिनर नाही, ब्रश नाही. कांडी टेकताच लाकडावर रंगाचा पट्टा उमटतो. केवड्याच्या जातीच्या वाळक्या पानाने तो दाबून पसरवला की आरशासारखी चमक येते.

ही उष्णता कुठून येते याचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. समजा लाकडाचा तुकडा ४ सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि लेथ मिनिटाला १५०० फेरे फिरतो आहे. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. परिघ साडेबारा सेंटिमीटर, तेव्हा लाकडाचा पृष्ठभाग कांडीखालून सेकंदाला तीन मीटरहून थोडा जास्त सरकतो. घर्षणाचं बल ५ न्यूटन धरलं, म्हणजे अर्धा किलो वजनाइतकं, तर बल गुणिले वेग साधारण १५ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता इथे नखाएवढ्या जागेत तयार होते. लाख ६५-७० अंशांपासून मऊ पडू लागते, त्यामुळे एवढी उष्णता पुरते.

पण खरी करामत लाकडाची आहे. लाकूड उष्णतेचं फार वाईट वाहक. ॲल्युमिनियम त्याच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता आत खेचून घेतं. म्हणून फिरत्या ॲल्युमिनियमवर कांडी टेकवली तर उष्णता धातूत पसरून जाईल आणि लाखेचा नुसता भुगा पडेल. लाकडावर ती पृष्ठभागावरच अडकते. कांडीचं टोक वितळतं, ती पातळ लाख लाकडाच्या सूक्ष्म नलिकांमध्ये शिरते आणि कांडी पुढे सरकताच थिजते. शिरलेल्या लाखेची मुळं लाकडात रुतलेली राहतात. त्यामुळे चांगल्या लाखकामाचे पोपडे सहसा निघत नाहीत. निघालेच तर आपटून कडांवर टवके उडतात, कारण लाख ठिसूळ असते.

आता थोडं रसायनशास्त्र, कारण घरी करायची चाचणी त्यावरच उभी आहे. लाख म्हणजे हायड्रॉक्सी आम्लांच्या एस्टरांचं मिश्रण. त्यातलं प्रमुख अल्युरिटिक आम्ल. त्याच्या १६ कार्बनच्या साखळीवर तीन हायड्रॉक्सिल (OH) गट आणि टोकाला एक कार्बॉक्सिल (COOH), म्हणजे आम्ल गट असतो. एका रेणूचा हायड्रॉक्सिल दुसऱ्याच्या कार्बॉक्सिलला भेटला की पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि दोन साखळ्या जोडल्या जातात. जास्त वेळ तापवलं तर असे सांधे वाढत जाऊन जाळं तयार होतं आणि मग ती लाख पुन्हा वितळत नाही. म्हणून कातारी कांडी एका जागी रेंगाळू देत नाही. पाण्यात लाख विरघळत नाही, लाळेतही नाही. अल्कोहोलमध्ये मात्र विरघळते, आणि धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कलीतही, कारण आम्ल गटांचे तिथे क्षार होतात. औषधांच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटांवर चमक आणायला शुद्ध केलेली लाख वापरतात ती याच गुणांमुळे.

चाचणी अशी. खेळण्याच्या बुडाला, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याने हँड सॅनिटायझरचा एक थेंब लावा. त्यात ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल हवं, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. एक मिनिट थांबा आणि घासा. जागा चिकट झाली आणि बोळ्याला रंग आला, तर थर लाखेचा असू शकतो. काहीच झालं नाही तर तो बहुधा लाखेचा नाही, ऑइल पेंट किंवा पॉलियुरेथेनचं व्हार्निश असावं. ‘असू शकतो’ म्हणायचं कारण, पाण्यात कालवायचे ॲक्रेलिक रंगही अल्कोहोलने मऊ पडतात. म्हणजे ही चाचणी अंदाज देते, लाख असल्याची खात्री नाही. दुसऱ्याचं खेळणं असेल तर आधी विचारून करा.

त्याआधी डोळ्यांनीच बरंच कळतं. लेथवर फक्त गोल गोष्टी होतात: भोवरा, खुळखुळा, रिंगा, गोल पोटाची बाहुली, भातुकलीतलं लाटणं. चपटा हत्ती, चार पायांचा घोडा, सावंतवाडीची हुबेहूब दिसणारी फळं ही रंगवलेलीच असणार. लाखकामावर बोट फिरवलं तर अक्षाभोवती बारीक वर्तुळं जाणवतात आणि दोन रंगांमधली रेघ सुरीने कापल्यासारखी असते. ब्रशच्या रेषा, ओघळ, खाचेत साचलेला जाड थेंब दिसला तर तो रंग हाताने लावलेला आहे. रंगवलेलं खेळणं वाईट असं अजिबात नाही. सावंतवाडीची फळं चार-पाच वर्षांच्या मुलाला भाजीवाल्याचा खेळ मांडायला उत्तम आहेत. फक्त ती चोखायच्या वयाची नव्हेत.

लाख निर्धोक म्हणून तिच्यातला रंगही निर्धोक, असं समजू नये. ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’, ‘केमिकल-फ्री’ हे शब्द विकणाऱ्याच्या सोयीचे आहेत. परंपरेच्या रंगपेटीत हळद आणि नीळ होती, तसा हरताळही होता. पोथीत चूक झाली की तिच्यावर जो पिवळा हरताळ फासत, तो आर्सेनिकचा सल्फाइड. हिंगूळ पाऱ्याचा. आणि शेंदूर म्हणजे चक्क शिशाचा ऑक्साइड. मूर्तीवरच्या शेंदराचं बोट बाळाच्या कपाळाला टेकवायची सवय असेल तर ती आजच सोडावी. कपाळावरून हातावर आणि हातावरून तोंडात जायला त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. म्हणून लाखेचं खेळणं घेतानाही कोणते रंग मळले आहेत हे विचारा. सांगता येणाऱ्याकडूनच घ्या.

ऑइल पेंटमध्ये मोठी भीती शिशाचीच. लेड क्रोमेट या शिशाच्या संयुगाने पिवळा, केशरी झळाळतो आणि एका हातात झाकतो. त्यात निळा मिसळला की हिरवा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांहून जास्त नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या पिवळ्या, केशरी, लाल, हिरव्या खेळण्याबद्दल संशय धरावा. थर भेगाळला असेल किंवा बोटाला खडूसारखी भुकटी लागत असेल तर ते मुलाच्या हाती देऊच नये. शोभेला कपाटात ठेवावं. आणि पॉलिश पेपरने घासून नवा रंग द्यायचा मोह टाळावा. घासल्यावर जी धूळ उडते ती मूळ थरापेक्षा जास्त सहज पोटात आणि फुप्फुसात जाते.

शिसं शरीरात कॅल्शियमचं सोंग घेऊन शिरतं. लहान मुलाच्या पोटात गेलेल्या शिशाचा जवळजवळ निम्मा भाग आतड्यातून शोषला जाऊ शकतो. मोठ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. लोह किंवा कॅल्शियम कमी असलं तर शोषण आणखी वाढतं. मग ते हाडांत वर्षानुवर्षं बसतं. मेंदूवरचा परिणाम पुरळ किंवा तापासारखा दिसत नाही. लक्ष, शिकण्याचा वेग यांत थोडी घट होते, आणि एकेका मुलात ती ओळखता येत नाही. ‘आम्हाला काय झालं?’ याचं उत्तर म्हणूनच आठवणीत सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटना शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानत नाही.

शिसं घरी मोजायची भरवशाची सोपी युक्ती नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडचं कॅरट मोजायचं यंत्र क्ष-किरणांच्या ज्या तत्त्वावर चालतं, त्याच तत्त्वाने प्रयोगशाळेत रंगातलं शिसं शोधतात. पण सराफाचं यंत्र सोन्याच्या मिश्रधातूंसाठी जुळवलेलं असतं. लाकडावरच्या पातळ थराचा त्याने दाखवलेला आकडा धरून चालू नये.

नव्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे हाताने केलेल्या बाहुलीवर चिन्ह नाही म्हणून ती बनावट ठरत नाही, आणि सूट आहे म्हणून ती तपासलेली आहे असंही नाही.

आता आकार. तीन वर्षांखालच्या मुलासाठी लहान भागांची जी मापनळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. ती घरी करता येते. जाड कागदाची पट्टी अशी गुंडाळा की आतला परीघ बरोबर १० सेंटिमीटर भरेल. तळ बंद करा आणि वरची कड तिरकी कापा, एका बाजूला अडीच सेंटिमीटर, समोरच्या बाजूला पावणेसहा. खेळणं किंवा त्याचा सुटणारा कोणताही भाग न दाबता या नळीत पूर्ण मावला, तर तो घशात अडकू शकतो. सागरगोटे, कवड्या, चिंचोके, गोट्या या सगळ्यांना ही नळी गिळून टाकते. खेळ उत्तम, पण धाकटं भावंड रांगत असेल तोवर डबा उंच फळीवर. वापरलेल्या खेळण्याची चाकं, डोळे, शिट्टी ओढून बघा. खुळखुळ्याचा सांधा कानाशी धरून हलवा. आतले दाणे बाहेर येतील अशी फट असेल तर तो घेऊ नका.

दिवे लागणारं, गाणारं जुनं खेळणं असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का, एवढं आधी बघा. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर त्याच्या ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. ‘संपलेल्या’ सेलमध्येही त्यापुरता विद्युतदाब उरलेला असतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, थेट रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढा. सुटे शक्तिशाली चुंबक असलेलं खेळणं लहानग्यांच्या घरात आणूच नये. दोन गिळले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये चिमटतात.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. जुनी मऊ बाहुली किंवा बदक हाताला चिकट लागत असेल तर मऊपणासाठी घातलेलं द्रव्य बाहेर झिरपतं आहे, ते खेळणं बाद. कडक, एकमेकांत बसणारे ठोकळे वापरलेले घ्यायला हरकत नाही, पण फार जुने, विशेषतः पिवळे, लाल आणि काळे, टाळा. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने सुमारे २०० जुनी प्लास्टिक खेळणी तपासली, तेव्हा पिवळ्या, लाल आणि काळ्या भागांत कॅडमियम, शिसं यांसारखे घटक प्रामुख्याने सापडले. बसून पळायचे चाकांचे वॉकर फुकट मिळाले तरी नकोत. कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. आपला पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. त्याची चाकं मात्र किंचित जड फिरणारी हवीत. बोटाने ढकलताच पळत सुटणारा गाडा मुलाच्या हातून पुढे निघून जातो.

दुसऱ्याच्या खेळण्यातून दृष्ट किंवा पीडा येते म्हणून नाही म्हणणारी घरं पुण्यात अजून आहेत. त्याच घरांत बाळाला पहिलं वस्त्र जुनं, धुऊन मऊ झालेलंच घालतात. खेळण्यातून येतो तो मळ, माइट नावाचे सूक्ष्म जीव आणि लाकडातला भुंगा. मऊ खेळणी धुण्याजोगी असतील तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा. लाकडावर टाचणीएवढी छिद्रं आणि खाली पिठासारखी पूड दिसली, तर पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर लाकडावर दव धरेल. रॉकेल किंवा कीटकनाशक चोपडू नका.

लाखेचं खेळणं मात्र सॅनिटायझरने पुसू नये, सोड्यात भिजवू नये, गरम पाण्यात टाकू नये. कारण वर आलंच आहे. साध्या पाण्याने ओलं करून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावं आणि लगेच कोरडं करून सावलीत ठेवावं. पावसाळ्यात ओलाव्याने लाखेवर पांढुरकी झाक आली तर घाबरू नका, हवेशीर जागी कोरडं राहिलं की बहुतेक वेळा ती आपोआप उतरते.