मेगॅलोडॉन: दातांवरून उभा केलेला देह

मेगॅलोडॉन हा महाकाय शार्क सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. त्याची लांबी किती होती, तो दांडगा होता की सडपातळ, याविषयीची मते गेल्या शतकभरात इतक्या वेळा बदलली आहेत की वाचकाला ती संशोधकांची धरसोड वाटू शकते. खरी अडचण शार्कच्या शरीरातच आहे. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. कोकणात मोरी, म्हणजे लहान शार्क मासा, साफ करणाऱ्याला हा सुरीने सहज कापला जाणारा कणा चांगला ठाऊक असतो. मृत्यूनंतर ही कूर्चा बहुधा कुजून जाते आणि मागे उरतात ते दात, क्वचित काही मणके आणि त्वचेवरचे सूक्ष्म खवले. बाकीचा सगळा देह हयात असलेल्या शार्ककडून उसना घ्यावा लागतो, आणि तो नेमका कोणाकडून घ्यायचा, यावरच सारा वाद झडत आला आहे.

असे अश्मीभूत दात युरोपात शतकानुशतके ‘जिभेचे दगड’ म्हणून ओळखले जात, आणि ते आकाशातून पडतात अशी समजूत रोमन लेखक प्लिनी याने नोंदवून ठेवली आहे. १६१६ मध्ये फाबिओ कोलोना याने ते शार्कचे दात असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १६६६ मध्ये इटलीतील लिव्होर्नोजवळ पकडलेल्या मोठ्या शार्कचे डोके निकोलस स्टेनो याने चिरून पाहिले आणि त्यातील दातांशी या दगडांचे साम्य दाखवले. १८३३ ते १८४३ या काळात प्रसिद्ध झालेल्या जीवाश्म माशांवरील ग्रंथात लुई अगासी याने या प्राण्याला ‘मेगॅलोडॉन’, म्हणजे ‘मोठ्या दाताचा’, हे नाव दिले. मात्र करवतीसारख्या कडा पाहून त्याने तो आजच्या पांढऱ्या शार्कच्याच प्रजातीत घातला. पुढच्या दीडशे वर्षांच्या पुनर्रचनांची दिशा या वर्गीकरणानेच ठरवली, असे मला वाटते. आज बहुतेक संशोधक मेगॅलोडॉनला ‘ओटोडस’ या वेगळ्या प्रजातीत आणि पूर्णपणे लोप पावलेल्या कुळात ठेवतात.

१९०९ मध्ये बॅशफर्ड डीन याने न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी जो जबडा उभारला, त्यात माणसे आरामात बसू शकत. त्यावरून लांबी ३० मीटरपर्यंत असावी असा तर्क निघाला. पण डीनने कूर्चेचा आकार अवाजवी धरला होता. १९७३ मध्ये जॉन रँडल याने दाताच्या एनॅमलच्या, म्हणजे वरच्या कठीण आवरणाच्या, उंचीवरून हिशेब मांडून हा आकडा सुमारे १३ मीटरवर आणला, तर १९९६ मध्ये मायकेल गॉटफ्रीड आणि सहकाऱ्यांनी तो १५.९ मीटरपर्यंत नेला. मोजमापे सुधारली, तरी नमुना पांढऱ्या शार्कचाच राहिला.

या नमुन्यातली विसंगती उघड केली ती बेल्जियममधील एका जुन्या ठेव्याने. अँटवर्प परिसरात १८६०च्या दशकात एकाच प्राण्याचे सुमारे दीडशे मणके सापडले होते आणि ते ब्रुसेल्सच्या संग्रहालयात जपलेले आहेत. सर्वांत मोठ्या मणक्याचा व्यास साधारण १५.५ सेंटिमीटर आहे. पांढऱ्या शार्कचे प्रमाण लावले, तर या प्राण्याची एकूण लांबी ९.२ मीटर येते. प्रत्यक्षात नुसते मणके ओळीने मांडले तरी ११.१ मीटर भरतात. अख्खा प्राणी स्वतःच्या कण्यापेक्षा आखूड असणे शक्य नाही. २०२२ मध्ये याच कण्यावर आधारलेल्या त्रिमितीय प्रतिकृतीत १५.९ मीटर लांब आणि सुमारे ६१ टन वजनाचा धिप्पाड प्राणी उभा राहिला होता. २०२४ मध्ये मात्र केंशू शिमादा यांचा सहभाग असलेल्या गटाने, कण्याच्या मानाने मणके बारीक असल्याने देह अधिक सडपातळ असावा, असा निष्कर्ष काढला. २०२५ मध्ये अनेक हयात व लुप्त शार्कांची प्रमाणे ताडून पाहिल्यावर बेल्जियमच्या प्राण्याची लांबी १६.४ मीटर ठरली, आणि डेन्मार्कमधील २३ सेंटिमीटर व्यासाच्या मणक्यांवरून कमाल अंदाज २४.३ मीटरवर पोहोचला.

देहाचा आराखडा बदलला की जीवनक्रमही बदलतो. मणक्यातील वाढीच्या वलयांवरून तो बेल्जियमचा प्राणी ४६ व्या वर्षी मेला असावा, असे २०२१ मध्ये सांगितले गेले. जन्मावेळची लांबी तेव्हा २ मीटर मानली होती, ती नव्या प्रमाणांनुसार ३.६ ते ३.९ मीटर होते. जपानमध्ये मिळालेल्या खवल्यांच्या रचनेवरून मेगॅलोडॉन सतत वेगाने पोहणारा नसावा, असेही दिसते.

या सगळ्यात मला अधिक भरवशाचा वाटतो तो दातांच्या रसायनातून मिळालेला पुरावा, कारण त्यासाठी दुसऱ्या कोणाचा देह उसना घ्यावा लागत नाही. २०२३ मध्ये कार्बन व ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून) त्याच्या शरीराचे तापमान सरासरी २७ अंश सेल्सिअस, म्हणजे भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे ७ अंश जास्त, असल्याचे दाखवण्यात आले. एवढा प्रचंड देह ऊबदार राखायला अन्नही तितकेच लागत असणार, आणि समुद्र थंड होऊन भक्ष्य घटत गेले तेव्हा हीच ऊब त्याला परवडेनाशी झाली असावी.