मेण उतरवणे (सर्फबोर्ड)

मेण उतरवणे : सर्फबोर्डच्या (लाटेवर स्वार होण्याच्या फळीच्या) वरच्या बाजूला पायांची पकड राहावी म्हणून चोळलेले मेण जुने, मळके व निबर झाले की ते खरवडून आणि पुसून फळी पुन्हा रेझिनच्या (फळीवरील कडक, चकचकीत कृत्रिम राळेच्या) थरापर्यंत उघडी करण्याची क्रिया. मेणात रुतलेली वाळू, मीठ, सनस्क्रीनचा तेलकटपणा आणि अंगाचा मळ यांचे मिळून जे राखाडी किटण बनते, तेही याच वेळी निघते. रोजच्या बोलण्यात याला नुसते ‘वॅक्स काढणे’ म्हणतात.

उगमाचा प्रश्न : मेण उतरवण्याचा इतिहास म्हणजे अर्थातच मेण चढवण्याचा इतिहास, आणि तो वादाचा आहे. लाटेवर फळीने स्वार होण्याची परंपरा हवाई बेटांत युरोपीय लोक येण्याच्या फार पूर्वीपासून होती. तेथील फळ्या कोआ (बाभळीच्या अकेशिया प्रजातीतील एक मोठा वृक्ष), नीरफणस आणि विलीविली या झाडांच्या लाकडाच्या असत. विलीविली हा आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊबंद. दोघेही एरिथ्रिना प्रजातीतले, आणि लाकूड तितकेच हलके. 1823 मध्ये हवाईत फिरलेला इंग्रज मिशनरी विल्यम एलिस याने या फळ्यांची निगा कशी राखत ते नोंदवले आहे : वापर झाल्यावर फळी उन्हात पूर्ण वाळवीत, तिला खोबरेल तेल चोळीत, बहुधा कापडात गुंडाळीत आणि घरात टांगून ठेवीत.

या नोंदीच्या आधारे काही लेखक मेणाचा उगम थेट हवाईपर्यंत नेतात. हे मत स्वीकारणे कठीण आहे. एलिसने सांगितलेले तेल फळी वापरून झाल्यावर, वाळल्यावर चोळलेले आहे. ते लाकूड टिकावे म्हणून आहे, पाय घसरू नये म्हणून नव्हे. तेल लावलेल्या लाकडावर पकड वाढत नाही, उलट कमी होते. पकडीचा प्रश्न ऐरणीवर आला तो बहुधा विसाव्या शतकात, फळ्यांना व्हार्निशचे हात बसू लागल्यावर. टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने आतून पोकळ फळी तयार केली व 1932 मध्ये तिचे पेटंट मिळवले. अशा व्हार्निश केलेल्या फळ्या पाण्यात काचेसारख्या निसरड्या होत. त्यावर उपाय म्हणून ओल्या व्हार्निशवर वाळू भुरभुरण्याची पद्धत होती. पकड मिळे, पण पोटाची व गुडघ्यांची कातडी सोलून निघे.

मेणाचे श्रेय सामान्यतः कॅलिफोर्नियातील पालोस व्हर्डेसच्या आल्फ्रेड गॅलंट यास दिले जाते. घरच्या लाकडी जमिनीला नुकतेच मेण लावलेले असताना तिचा पायाला जाणवलेला चिकटपणा पाहून त्याने 1935 च्या सुमारास ते फळीवर लावून पाहिले, असे सांगतात. हकिगत पुढे साध्या पॅराफिनपर्यंत (खनिज तेलापासून मिळणाऱ्या मेणापर्यंत) जाते. मुरांब्याच्या बरण्यांची तोंडे बंद करण्यासाठी त्या काळी अमेरिकन स्वयंपाकघरात पॅराफिनच्या वड्या असतच. वर्ष ढोबळमानाने पटण्यासारखे आहे. परंतु इतकी स्वस्त वस्तू घरोघरी असताना ही युक्ती एकट्या गॅलंटलाच सुचली असे मानण्याचे कारण नाही. ती किनाऱ्यावर दोन-चार ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

1958 च्या सुमारास होबी आल्टर व गॉर्डन क्लार्क या फळ्या बनवणाऱ्यांनी पॉलियुरेथेन या हलक्या कृत्रिम फोमच्या फळ्या रुळवल्या, त्यावर काचतंतू व रेझिनचे कवच आले आणि मेण अपरिहार्य ठरले. खास सर्फिंगसाठी बनवलेले मेण (वॅक्समेट) 1960 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. 1972 मध्ये फ्रेडरिक हर्झॉग याने नेट स्किनर या रसायनज्ञाच्या मदतीने ‘मिस्टर झॉग्ज सेक्स वॅक्स’ या नावाचे मेण काढले.

मेण का उतरवावे : पॅराफिनचा वितळणबिंदू प्रकारानुसार साधारण 46 ते 68 से. असतो. निव्वळ पॅराफिन थंड पाण्यात कडक व गुळगुळीत होते, म्हणून त्यात मधमाश्यांचे मेण, पेट्रोलियम जेली, राळेसारखे चिकट पदार्थ आणि सुगंध मिसळतात. पाण्याच्या तापमानाप्रमाणे त्याचे प्रकार पडतात. उष्ण पाण्यासाठी कडक, थंड पाण्यासाठी मऊ. पकड मेणाच्या चिकटपणाइतकीच त्याच्या बारीक दाणेदार उंचवट्यांमुळे मिळते. पायाखाली दबून हे दाणे सपाट झाले, त्यात वाळू बसली, की वर कितीही नवे मेण चोळा, ते पोपड्यांसारखे सुटून येते. ऋतू बदलल्यावर थंड पाण्याचे मऊ मेण तसेच ठेवून त्यावर कडक मेण लावले, तर वरचा थर खालच्यावरून सरकतो.

यापेक्षा महत्त्वाचे कारण सहसा दुर्लक्षिले जाते. जुन्या मेणाखाली फळीच्या जखमा झाकल्या जातात. टाचेच्या दाबाने पडलेले खळगे, कोळिष्टकासारखी पसरलेली चीर, चिरेभोवतीचा पिवळट-तपकिरी डाग हे मेण काढल्याशिवाय दिसत नाहीत. अशा चिरेतून पाणी आत मुरते, फळी जड होते आणि फोम कवचापासून सुटू लागतो. मेणाचा अंश राहिलेल्या जागी दुरुस्तीचे रेझिनही धरत नाही. तेव्हा मेण उतरवणे ही फळीची तपासणीच होय. केवळ फळी चांगली दिसावी म्हणून ते करणाऱ्याने निम्मे काम सोडून दिले, असे म्हणावे लागेल.

कृती : फळी पाच-दहा मिनिटे उन्हात, मेणाची बाजू वर करून ठेवतात. मेण आधी चकाकू लागते, दाण्यांच्या कडा मऊ पडतात, मग बोट दाबले की ठसा उमटतो. हीच वेळ साधायची. याआधी खरवडले तर मेणाचा भुगा उडतो, उशीर झाला तर ते ओघळून कडेवरून खालच्या बाजूला जाते व तेथे पाण्याचा विरोध वाढवते. मेणाच्या कंगव्याची (मेण खरवडण्याच्या दातेरी पट्टीची) सरळ कड तिरपी धरून लांब हात मारला की राखाडी वळकटी सलग निघते, नारळाच्या खवणीखाली कीस गोळा व्हावा तशी ती कडेपाशी साचते. मागच्या पायाची जागा सर्वांत हट्टी असते. कंगवा नसल्यास जुने प्लॅस्टिकचे कार्ड चालते. सुरी किंवा धातूचे उलथने वापरू नये, रेझिनवर चरे पडतात. निघालेले मेण कागदात गोळा करून कचऱ्यात टाकावे. ते वाळूत पुरण्याची सवय वाईट आहे : पॅराफिन पाण्यात विरघळत नाही, भरतीबरोबर तरंगत समुद्रात जाते.

खरवडल्यावर उरणारी पातळ, चिकट साय पाण्याने निघत नाही. मेण तेलातच विरघळते. फणसाचा चीक साबणाने न निघता तेलाच्या हाताने निघतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून खोबरेल तेल, टर्पेंटाइन किंवा संत्र्याच्या सालीपासून मिळणाऱ्या लिमोनीनचे द्रावण कापडाला लावून गोल हाताने पुसतात. नंतर भांड्यांच्या सौम्य साबणाने फळी धुणे आवश्यक. तेलाचा अंश राहिला तर नवे मेण बसत नाही.

द्रावकाची निवड मात्र मेणावरून न ठरवता फळीच्या गाभ्यावरून ठरवावी. पॉलियुरेथेन व पॉलिएस्टर रेझिनच्या फळीला टर्पेंटाइनने सहसा इजा होत नाही. इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनच्या फळ्यांचा गाभा बहुधा प्रसरित पॉलिस्टायरिनचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या थर्मोकोलचा असतो. ॲसिटोन किंवा रंगाच्या दुकानातील थिनर चिरेतून आत गेला, तर हा गाभा आतल्या आत विरघळून पोकळी होते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे लिमोनीनही याला अपवाद नाही : संत्र्याची साल थर्मोकोलवर पिळली की तेथे खड्डा पडताना डोळ्यांनी दिसतो. म्हणून चीर असलेल्या इपॉक्सी फळीवर फक्त खरवडणे आणि खोबरेल. अशा फळ्या उन्हात जास्त वेळ ठेवल्यास आतील हवा प्रसरण पावून कवच फुगते. बंद मोटारीत ठेवलेल्या फळ्या याच कारणाने खराब होतात. मऊ फोमचे आवरण असलेल्या शिकाऊ फळ्यांना कोणताच द्रावक लावू नये.

भारतातील स्थिती : भारतात संघटित सर्फिंगची सुरुवात 2004 मध्ये कर्नाटकातील मुल्की येथे स्थापन झालेल्या मंत्रा सर्फ क्लबपासून धरली जाते, पुढे चेन्नईजवळचे कोवलम व महाबलीपुरम ही मोठी केंद्रे बनली. गोव्यात आश्वे, आगोंद या किनाऱ्यांवर शिकवण्या चालतात. येथील समुद्राचे पाणी वर्षाचा बराच काळ 27 ते 30 से. असल्याने उष्ण कटिबंधासाठीचे कडक मेणच चालते, आणि दुपारच्या उन्हात तेही काही मिनिटांत पाघळते. त्यामुळे मेण उतरवण्याचे काम येथे सकाळच्या कोवळ्या उन्हात करणे सोयीचे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात फळ्या बहुधा महिनोन्महिने घरात पडून राहतात; ठेवणीत टाकण्यापूर्वी मेण पूर्ण काढावे, नाहीतर एकावर एक रचलेल्या फळ्यांत एकीचे मेण दुसरीच्या खालच्या बाजूला चिकटते. रचताना मध्ये जुनी चादर घालावी.